वेस बंद होती तो उन्हाळा



खरड छाटणीचे दिवस आले की मी माझी फवारणीची वही मागं चाळतो. कुठल्या प्लॉटला कधी कात्री लागली, डोळे कधी फुटले, पुढं ऑक्टोबरला घड किती निघाले, सगळं तिच्यात आहे. २०२० च्या पानांवर मात्र औषधांच्या नावांसोबत भलत्याच नोंदी आहेत. "आज वेस बंद." "कात्रीवाले आले नाहीत." "शाळेत ११ माणसं." त्या पानांवर आज जरा सविस्तर लिहितो. कोरोनावर डॉक्टर, पत्रकार भरपूर लिहून गेले. एका द्राक्षाच्या गावात पहिल्या तीन महिन्यांत बागेचं काय झालं आणि माणसांचं काय झालं, ते शेतकऱ्याच्या बाजूनंही लिहिलेलं असावं.

आमचं गाव तासगाव आणि खानापूर तालुक्याच्या शिवेजवळचं. गावाची दोन उत्पन्नं. एक द्राक्ष-बेदाणा आणि दुसरं गलाई. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा धंदा. पूर्वी पाणी नव्हतं, दुष्काळ पाचवीला पुजलेला, तेव्हा या भागातली माणसं पोटासाठी बाहेर पडली. तमिळनाडू, केरळ, दिल्ली, कोलकाता, जिथं सराफ पेठ तिथं आमच्याकडचा गलाईवाला सापडणारच. गावातली यात्रा, देवळाचं शिखर, शाळेच्या दोन खोल्या, सगळ्यात त्यांची वर्गणी. म्हणजे निम्मं गाव इथं आणि निम्मं बाहेर. हे ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्याच्या आधीच आमच्याकडं कोंबडीवर संक्रांत आली होती. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली आणि पोल्ट्रीवाले बसले. शेजारच्या वस्तीवरच्या एका पोरानं बँकेचं कर्ज काढून शेड टाकलं होतं. त्याच्या कोंबड्या कुणी फुकट न्यायला तयार होईना. रोग अजून दीडशे मैलावर होता, पण भीतीनं एक संसार आधीच खाल्ला होता. मी वहीत तेव्हा लिहिलंय, "रोगाआधी अफवा येते, तिच्यावर कुठलं औषध नाही."

२२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला. पाच वाजता लोकांनी ताटं वाजवली, काहींनी तर यात्रेसारखा हलगीचा कडकडाट केला. दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, आमच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला पहिले चार रुग्ण सापडले. आठवडाभरात आकडा वीसच्या वर गेला. २४ ला रात्री आठला देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि २५ ला पाडवा. त्या पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, पण कुणी कुणाच्या घरी गेलं नाही. त्याच रात्री कुठंतरी बाळ जन्मताच बोललं आणि कोरा चहा प्यायला सांगितला, अशी बातमी फिरली. रात्री दोन वाजता घराघरात दिवे लागले आणि चुली पेटल्या. हसू नका मंडळी. माणसाच्या हातात करण्यासारखं काही नसलं की तो मिळेल ते करतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी वेस बंद केली. बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या, विजेचा जुना खांब आडवा घातला, पाटी लावली, "बाहेरच्यांना प्रवेश बंद". आमच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या गावांनी तेच केलं. वेशीवर पाळीनं पोरं बसायची. आठ-दहा दिवस चोख काम झालं. पण काट्याला माणूस ओळखू येत नाही. पहिल्या दिवशी दूध संकलनाची गाडीच आत आली नाही. घरोघरी दही-ताकाचा महापूर. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांनी स्वतः उभं राहून गाडीला वाट करून दिली. २७ मार्चला केंद्रानं शेतीकामाला आणि बाजार समित्यांना सूट दिली, ते परिपत्रक सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. कागद पोचला होता, माणूस आणि माल पोचत नव्हता.

आता बागेचं सांगतो. माझी अडीच एकर बाग. एक एकर सोनाका फेब्रुवारीतच गेला होता. दीड एकर थॉमसन वेलीवर होता, पंधरा टनांच्या आसपास माल, गोडी २० च्या वर. व्यापाऱ्यानं १८ मार्चला येऊन चार किलोच्या पेटीला १६५ रुपये दर ठरवला होता, इसार दिला होता. २३ नंतर त्याचा फोन लागेना. एकदा लागला तेव्हा म्हणाला, "मालक, गाडी भरली तरी उतरायची कुठं? दिल्ली बंद, कोलकाता बंद. मी तरी काय करू?" त्याच्यावरही मी रागावलो नाही, त्याचा माल दोन राज्यांच्या मध्ये ट्रकमध्ये कुजत होता. त्यानंतर जे फोन आले ते पेटीला ५०-६० रुपयांचे. त्यात तोडणीची मजुरी आणि खोकंच निघालं असतं.

द्राक्ष वेलीवर ठेवून वाट बघता येत नाही, हे बागायतदारांना सांगायला नको. मणी लोळायला लागतात, गळ सुरू होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माल वेलीवर जितका जास्त दिवस राहील तितका ओलांड्यातला अन्नसाठा संपत जातो आणि खरड छाटणी पुढं ढकलली जाते. यंदाचा माल गेला तर एक वर्ष जातं. छाटणी चुकली तर दोन वर्षं जातात.

राहिला बेदाणा. आमच्या भागाला ती एक वाट असते म्हणून आम्ही तगलो, नाहीतर नुसती खाण्याची द्राक्षं करणाऱ्या गावांत लोकांनी बागेत मेंढरं सोडली. पण सगळ्यांचाच माल एकदम बेदाण्याकडं वळला. शेडला जागा मिळेना. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटची दुकानात मारामार. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल हे आमचं नेहमीचं प्रमाण. काहींनी सामान पुरवायचं म्हणून प्रमाण निम्म्यावर आणलं. त्यांचा माल वीस-वीस दिवस रॅकवर राहिला आणि काळा पडला. आम्ही तिघांनी मिळून सामान एकत्र घेतलं, एकाच द्रावणात किती क्रेट बुडवायचे ते मोजून केलं आणि एकमेकांच्या शेडला पाळी लावली. खाण्यासाठी फुगवण केलेला मणी मोठा असतो, त्यामुळं वाळायला नेहमीच्या बारा-पंधरा दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्त लागले. दोन टन द्राक्ष गावोगाव किरकोळीनं विकलं, राहिलेल्या बारा टनाचा तीन टनाच्या आतबाहेर बेदाणा झाला. बाकीचं गळीत गेलं. बेदाण्याचे सौदे तेव्हा बंद होते, म्हणून माल शीतगृहात ठेवला. पैसा नाही, पण माल टिकला.

हे काम केलं कुणी? व्यापाऱ्याच्या पॅकिंगसाठी आलेली बिहारची चौदा पोरं गावातल्या एका खोलीत अडकली होती. पहिल्या चार दिवसांत त्यांच्याकडं लोक असे बघायचे की जणू रोग त्यांच्याच खिशात आहे. खरं तर ती जानेवारीपासून गाव सोडून कुठं गेली नव्हती. आमच्या आशाताईनं हे पारावर मोठ्यानं बोलून दाखवलं, "ही पोरं तुमच्यापेक्षा सुरक्षित आहेत. तासगावच्या बाजाराला तुम्ही गेलाय, ती गेली नाहीत." तेव्हा कुठं त्यांना पीठ-तांदूळ जायला लागलं. पुढं त्याच पोरांनी निम्म्या गावाचा माल डिप करून रॅकवर टाकला. मे अखेरीला रेल्वेनं घरी गेली.

त्या दिवसांत साखर कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड मजूर तर लाखावर होते. एप्रिलच्या मध्याला सरकारनं त्यांना घरी जायला परवानगी दिली. आमच्या रस्त्यानं बीडकडं जाणारे ट्रॅक्टर गेले, त्यावर बैलं, संसार, लेकरं. गावातल्या बायकांनी वेशीच्या बाहेर भाकरी-पिठल्याच्या पाट्या ठेवल्या. ते घेऊन पुढं गेले. वेशीच्या आत त्यांना कुणी बोलावलं नाही, पण उपाशीही जाऊ दिलं नाही. त्या वेळच्या गावाचं मन नेमकं तिथं उभं होतं, काट्यांच्या अलीकडं आणि पाटीच्या पलीकडं.

एक काम सांगायचं राहिलं. आमच्याकडचे ब्लोअर ट्रॅक्टर पोरांनी गावात फिरवले, सोडियम हायपोक्लोराईट टाकून गल्लीबोळ धुऊन काढले. बागेतलं औषध फवारायचं यंत्र मारुतीच्या देवळावर फवारताना पहिल्यांदाच बघितलं. उघड्यावर अशी फवारणी करून फारसा उपयोग होत नाही. माणसाच्या अंगावर तर मारूच नये, हे केंद्राच्या आरोग्य खात्यानं १८ एप्रिलला सांगितलं. तरी त्या फवारणीतून एक झालं. एकमेकांशी बांधावरनं भांडणारी माणसं एका टाकीला पाणी भरायला उभी राहिली.

आता जे लिहायला हात थांबतो ते लिहितो.

१६ एप्रिलला पहाटे माझी चुलती गेली. वय ७८, दम्याचा जुना त्रास. तिचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, तमिळनाडूत गलाईच्या दुकानावर. दिवाळीनंतर तो गावी आलेला नव्हता. पण दम लागून बाई गेली एवढं गावाला पुरलं. दारात माणूस येईना. आमच्याकडं मयताला बोलवावं लागत नाही, निरोप जायच्या आत अंगण भरतं. त्या दिवशी अंगणात मी, माझा मुलगा आणि घरातल्या बायका. शासनाचा नियम वीस माणसांचा होता, आमच्याकडं खांद्याला चार होईनात.

आठच्या सुमाराला आशाताई आली. तिनं आत जाऊन बघितलं, बाहेर ओट्यावर उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "मी दर आठवड्याला या घरात येते. काकींचा दमा वीस वर्षांचा आहे. घरात बाहेरचं कुणी आलेलं नाही. ज्याला खांदा द्यायचाय त्यानं तोंडाला रुमाल बांधून या." पाच मिनिटांत वेशीवर राखण बसलेली पोरं आली. ज्यांनी काटे टाकले होते त्यांनीच तिरडी उचलली. अग्नी मी दिला. मुलानं मोबाईल धरला होता. पलीकडं भाऊ नुसता बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, अस्थी ठेवा. मी येतो, मग सोडू." सावडून झाल्यावर अस्थी गाडग्यात घालून, तोंड बांधून मळ्यातल्या लिंबाला टांगून ठेवल्या.

एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या राज्यात अडकलेल्यांना घरी जायला केंद्रानं परवानगी दिली. आणि आमच्याकडं खरा पेच उभा राहिला. बाहेर निम्मं गाव, दुकानं बंद, भाडं चालू, सगळे पास काढायच्या मागं. ज्यांच्या वर्गणीनं शिखर झालं त्यांच्यासाठी वेस उघडायची का नाही?

३ मेच्या संध्याकाळी पारावर लांब-लांब बसून बैठक झाली. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई, गुरुजी आणि आम्ही दहा-बारा जण. एका म्हाताऱ्या माणसानं तोंड फोडलं, "वर्गणी मागताना ती गावची आणि आता परकी व्हय? त्यांच्या घराची कुलपं त्यांनी उघडायची न्हाईत तर कुणी?" त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, "माझ्या घरात ऐंशी वर्षाची आई हाय. वर्गणी दिली म्हणून रोग आणायचा परवाना मिळत न्हाई. दोन पैसं परत देतो वाटलं तर, पर वेस उघडायची न्हाई." आवाज चढले. मी दोघांनाही ओळखतो. पहिल्याचा मुलगा केरळात होता. दुसऱ्याच्या आईला खरंच दोन पावलं चालवत नव्हती. दोघंही आपापल्या घरासाठी बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. असल्या भांडणाला न्याय लावता येत नाही.

आशाताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला तीनच गोष्टी सांगा. आलेला माणूस झोपणार कुठं, त्याला जेवण कोण देणार आणि त्यानं संडासला जायचं कुठं. ही तीन उत्तरं असली तर शंभर माणसं येऊ द्या. नसली तर एक पण नको. बाकीचं भांडण नंतर करा."

पार एकदम शांत झाला. कारण तोपर्यंत आम्ही सगळे "येऊ द्यायचं की नाही" यावर बोलत होतो. तिनं तो प्रश्नच बाजूला ठेवला. गुरुजी म्हणाले, शाळेच्या सहा खोल्या आहेत, एका खोलीत एक कुटुंब. संडास चार, त्यातले दोन बंद होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गवंड्यानं चालू करून दिले. जेवण ज्याच्या त्याच्या भावकीनं द्यायचं, फाटकाजवळच्या बाकावर डबा ठेवून मागं व्हायचं, डब्याची भांडी चौदा दिवस परत आणायची नाहीत. ज्याला भावकी नाही त्याचा डबा गणेश मंडळानं द्यायचा. आशाताई रोज सकाळी लांबून विचारपूस करणार, ताप मोजणार, ताप आला की पाटील गाडी बोलावणार आणि मिरजेच्या सरकारी दवाखान्यात. सगळं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, त्याचा फोटो काढून बाहेरच्या प्रत्येकाला पाठवला. त्याखाली एक ओळ होती, "येण्याआधी दोन दिवस फोन करा, खोली तयार ठेवतो."

ज्या माणसानं वेस उघडायची नाही म्हटलं होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी बेदाण्याच्या शेडातले दोन पंखे आणून शाळेत लावले. मे महिन्याचं ऊन, पत्र्याच्या खोल्या. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

१० मेच्या रात्री माझा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं वेशीवर आली. काटे बाजूला झाले होते, खांब तेवढा होता. मी दहा फुटांवर उभा. आई गेल्यावर पहिल्यांदा भेट, आणि गळ्यात पडता येत नाही. तो म्हणाला, "दादा, कुठली खोली?" मी म्हटलं, "चौथी. तुझी चौथीची." तो त्याच खोलीत शिकला होता.

चौदा दिवस ते तिथं राहिले. माझी मंडळी दोन वेळचा डबा बाकावर ठेवायची. गुरुजींनी पोरांना वाचनालयातली पुस्तकं दिली. संध्याकाळी फाटकाच्या अलीकडं-पलीकडं बसून गप्पा व्हायच्या, आवाज जरा मोठा ठेवून. २४ मेला सुटल्यावर तो आधी घरी गेला नाही, मळ्यात गेला. नदीवर जाऊन गर्दी करायची नव्हती, म्हणून तिथंच बांधाकडंला खड्डा काढून अस्थी ठेवल्या आणि वर आंब्याचं रोप लावलं. आता ते डोक्याच्या वर गेलंय.

मे-जूनमध्ये आमच्या शाळेत एकूण ६१ माणसं राहून गेली. त्यातली दोन पॉझिटिव्ह निघाली, मिरजेला गेली, बरी होऊन आली. शाळेतनं गावात त्या उन्हाळ्यात एकालाही लागण झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत गावानं माणसं गमावली, ती जखम वेगळी आहे, तिच्यावर आज लिहीत नाही.

आता परत बागेकडं येतो, कारण छाटणीची नोंद अर्धवट राहिलीय.

आमच्याकडं छाटणीला जत आणि सीमेपलीकडच्या विजापूर भागातनं टोळ्या येतात. त्या वर्षी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या शिवा बंद. टोळीच्या मुकादमाचा फोन आला, "मालक, चेकपोस्टवरनं परत पाठवलं." मग आम्ही जुना पैरा काढला. आज माझ्यात, उद्या तुझ्यात. चार घरची नऊ माणसं. सोनाकाचा एकर ६ एप्रिलला झाला, तो रिकामाच होता. थॉमसनचा माल उतरायलाच २० तारीख उजाडली. त्यातले निम्मे, म्हणजे तीस गुंठे, २७-२८ एप्रिलला छाटले. उरलेले तीस गुंठे ९ मेला, कारण मधल्या दिवसांत पैरा फेडायचा होता आणि शेडवरचा बेदाणा उतरायचा होता.

दोन्ही तुकड्यांना पाणी, खत, पेस्टिंग सारखंच. ऑक्टोबर छाटणीनंतर मी दोन्हीकडचे वीस-वीस वेल मोजले. २८ एप्रिलच्या तुकड्यात वेलीला सरासरी २८ घड, ९ मेच्या तुकड्यात १९. चांगल्या वर्षी याच बागेत ३५ च्या आसपास असतात. अकरा-बारा दिवसांचा फरक आणि एवढा फटका. कारण कृषी विभागाच्या माणसांनी नेहमी सांगितलेलंच आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, त्या वेळी भरपूर ऊन लागतं. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आमच्याकडंही आभाळ भरून राहिलं, मागोमाग पाऊस. उशिरा छाटलेल्या तुकड्याचे ते दिवस नेमके आभाळात गेले. ६ बीए, युरासिल वेळेवर मारलं होतं, पण उन्हाची जागा बाटली घेत नाही. ही माझ्या बागेतली मोजणी आहे, प्रयोगशाळेतली नाही. तरी ज्यांना छाटणी "जरा पुढं ढकलू" असं वाटतं त्यांनी हे आकडे बघावेत.

तो ९ मेचा तुकडा १९ घडांपर्यंत तरी कसा पोचला तेही सांगतो. फुटींची विरळणी आणि सबकेनचं काम मेच्या शेवटी आणि जूनमध्ये आलं. मजूर अजून नव्हते. तेव्हा शाळेतनं सुटलेली गलाईची माणसं बागेत उतरली. वीस-वीस वर्षं भट्टीसमोर बसलेली माणसं, सात पानं मोजून शेंडा मारायला शिकली. माझ्या भावानं पहिल्या दिवशी अर्ध्या ओळीत दोन तास घालवले. आठवड्यानं तो माझ्या बरोबरीनं चालत होता. ज्यांना आत घ्यायचं का नाही यावर पार तापला होता, त्यांच्याच हातांनी गावाची बाग वेळेत ओढून काढली. वेस बंद ठेवली असती तर कितीतरी फुटी तशाच माजल्या असत्या.

एवढं लिहून शेवटी कामाचं सांगतो. असली वेळ परत कधी, कुठल्या रूपात येईल कुणी सांगावं. रोग, पूर, टोळधाड, काहीही असू शकतं. म्हणून गावात आजच चार गोष्टी करून ठेवा.

१) गावाबाहेर राहणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीत ठेवा, फोन नंबरासह. दरवर्षी यात्रेला ती ताजी करा.

२) शाळेचे संडास आणि पाणी कायम चालू ठेवा. ऐन वेळी गवंडी शोधायची पाळी येऊ नये.

३) पैऱ्याची चार-पाच घरं ठरवून ठेवा. टोळी येणार असली तरी वर्षातनं एखादं काम पैऱ्यानं करा, म्हणजे हात आणि नातं दोन्ही चालू राहतं.

४) माल वेलीवर असताना बाजार बंद पडला तर तो कुठं वळवायचा, शेड कुणाचं, डिपिंगचं सामान किती, याचा हिशेब फेब्रुवारीतच मांडा. आणि काही झालं तरी छाटणीची तारीख हातची जाऊ देऊ नका.

बैठकीत भांडण पेटलं तर "येऊ द्यायचं की नाही" यावर मतं मागू नका. झोपणार कुठं, जेवणार काय, जाणार कुठं, एवढंच विचारा. भ्यालेला माणूस वाईट नसतो. त्याला काम सांगितलं की तोच घरातला पंखा काढून आणतो.

तुमच्या गावात त्या उन्हाळ्यात छाटणी कधी झाली आणि घड किती निघाले, नोंद असेल तर जरूर कळवा. दहा-वीस बागांचे आकडे एकत्र आले तर पुढच्या पोरांच्या कामी येतील.

राम राम.